नॅनोसंरचित मल्टिफेरॉइक पदार्थ

नॅनोसंरचित मल्टिफेरॉइक पदार्थ म्हणजे ज्यांत चुंबकीय क्रम आणि विद्युत् क्रम एकाच वेळी नांदतात आणि ज्यांचे कण, थर, तंतू किंवा स्तंभ निदान एका मितीत सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात, असे घन पदार्थ होत. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग होय. या पदार्थांतील दोन क्रम परस्परांशी निगडित असतील, तर विद्युत् दाब देऊन चुंबकत्व बदलता येते आणि चुंबकीय क्षेत्र लावून विद्युत् दाब मिळवता येतो. या परस्परसंबंधास चुंबक-विद्युत् परिणाम म्हणतात.

हे दोन गुणधर्म एकाच पदार्थात क्वचितच आढळतात आणि आढळले तरी बहुधा अतिशय कमी तापमानाला किंवा अतिशय क्षीण स्वरूपात आढळतात. पदार्थाची रचना नॅनोमीटरच्या पातळीवर घडवल्यास ही अडचण काही अंशी दूर होते. त्यामुळे इ.स. २००० नंतर या विषयावरील संशोधन झपाट्याने वाढले. बिस्मथ फेराइट हे या वर्गातील सर्वाधिक अभ्यासलेले संयुग आहे. महाराष्ट्रात कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि मुंबई येथे या विषयाशी संबंधित संशोधन झाले आहे.

संज्ञा आणि व्याख्या

लोहचुंबकीय पदार्थातील अणूंचे सूक्ष्म चुंबक बाह्य क्षेत्र नसतानाही एका दिशेत रांगेने उभे राहतात. लोहविद्युत् पदार्थात, ज्यास फेरोइलेक्ट्रिक असेही म्हणतात, धन आणि ऋण आयन किंचित सरकल्यामुळे स्फटिकात कायमचे विद्युत् ध्रुवीकरण निर्माण होते आणि बाह्य विद्युत् क्षेत्राने ते उलटवता येते. ‘लोहविद्युत्’ या नावामुळे अशा पदार्थात लोह असलेच पाहिजे असा समज होतो, पण तो बरोबर नाही. बेरियम टिटॅनेट या प्रसिद्ध लोहविद्युत् पदार्थात लोहाचा अंशही नाही. लोहचुंबकाच्या वर्तनाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले आहे.

तिसरा गुणधर्म फेरोइलॅस्टिकता हा होय. त्यात स्फटिकाला आपोआप आलेली विकृती बाह्य ताणाने बदलता येते. या तीन गुणधर्मांपैकी दोन किंवा अधिक ज्या एकाच प्रावस्थेत आढळतात, त्या पदार्थास ‘मल्टिफेरॉइक’ म्हणावे, असे हान्स श्मिड या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये सुचवले. आज ही संज्ञा अधिक सैलपणे वापरली जाते. प्रतिलोहचुंबकीय पदार्थ, म्हणजे ज्यांतील शेजारचे अणुचुंबक विरुद्ध दिशांना तोंड करून असतात असे पदार्थ, तसेच दोन भिन्न पदार्थांची संमिश्रेही तिच्यात समाविष्ट होतात.

मल्टिफेरॉइक आणि चुंबक-विद्युत् हे शब्द समानार्थी नाहीत. दोन्ही क्रम असूनही त्यांच्यातील दुवा नगण्य असू शकतो. उलट, क्रोमियम ऑक्साइड लोहविद्युत् नाही, तरी त्यात चुंबक-विद्युत् परिणाम आढळतो.

इतिहास

स्फटिकाच्या सममितीचा विचार करता विद्युत् क्षेत्राने चुंबकन आणि चुंबकीय क्षेत्राने ध्रुवीकरण होणे शक्य आहे, अशी कल्पना पिएर क्यूरी यांनी १८९४ मध्ये मांडली. ‘चुंबक-विद्युत्’ या अर्थाची संज्ञा पीटर डिबाय यांनी १९२६ मध्ये वापरात आणली. दरम्यान १९२० मध्ये जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल लवणात लोहविद्युत् गुणधर्म आढळला होता.

क्रोमियम ऑक्साइडमध्ये चुंबक-विद्युत् परिणाम दिसला पाहिजे, असे भाकीत इगोर झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये केले. १९६० मध्ये आस्ट्रॉव्ह यांनी विद्युत् क्षेत्राने निर्माण झालेले चुंबकन मोजून ते खरे असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी राडो आणि फोलेन यांनी उलट परिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने होणारे ध्रुवीकरण मोजले. १९६६ मध्ये निकेल-आयोडीन बोरेसाइट या स्फटिकात दोन्ही क्रम एकत्र असल्याचे आढळले, पण सुमारे ६० केल्विनच्या खाली, म्हणजे अतिशीत अवस्थेतच. परिणाम क्षीण, तापमान कमी आणि पदार्थ मोजके, या कारणांनी १९७० नंतर हा विषय काहीसा मागे पडला.

२००० साली निकोला हिल, पुढे निकोला स्पाल्डिन, यांनी चुंबकीय लोहविद्युत् पदार्थ इतके थोडे का आहेत, या प्रश्नाचे सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये दोन महत्त्वाचे शोध पुढे आले. एका गटाने टर्बियम मँगेनाइटमध्ये सुमारे २८ केल्विनच्या खाली चुंबकीय रचनेमुळेच ध्रुवीकरण निर्माण होते, असे दाखवले. रामामूर्ती रमेश यांच्या गटाने बिस्मथ फेराइटचे पातळ थर तयार करून त्यांत कोठीच्या तापमानाला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ५० ते ६० मायक्रोकूलोम इतके ध्रुवीकरण मोजले. तोपर्यंत ठोकळ्याच्या स्वरूपातील नमुन्यांत मोजलेल्या मूल्याहून ते कितीतरी अधिक होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या या लेखाच्या लेखकांत सतीशचंद्र ओगले आणि उमेश वाघमारे यांचाही समावेश होता.

२००४ मध्ये याच गटाने बेरियम टिटॅनेटच्या थरात कोबाल्ट फेराइटचे २० ते ३० नॅनोमीटर व्यासाचे उभे स्तंभ आपोआप घडवून आणले. नॅनोसंरचित संमिश्रांच्या संशोधनाची सुरुवात म्हणून या कामाचा उल्लेख होतो. २०१४ मध्ये बिस्मथ फेराइटच्या थरावर ठेवलेल्या कोबाल्ट-लोह मिश्रधातूचे चुंबकन कोठीच्या तापमानाला केवळ विद्युत् दाबाने उलटवता येते, असे दाखवण्यात आले.

दोन गुणधर्म एकत्र का येत नाहीत

बेरियम टिटॅनेटसारख्या नेहमीच्या लोहविद्युत् पदार्थात टिटॅनियमचा आयन केंद्रापासून सरकतो आणि शेजारच्या ऑक्सिजनाशी अधिक घट्ट बंध करतो. यासाठी त्याची ‘डी’ कक्षा रिकामी असणे अनुकूल ठरते. याउलट लोह, कोबाल्ट, मँगॅनीज यांच्या आयनांतील चुंबकत्व ‘डी’ कक्षा अंशतः भरलेली असल्यामुळेच निर्माण होते. एका गुणधर्माला ती कक्षा रिकामी हवी असते आणि दुसऱ्याला त्याच कक्षेत एकाकी इलेक्ट्रॉन हवे असतात. त्यामुळे एकच आयन दोन्ही कामे सहसा करू शकत नाही.

दुसरी अडचण विद्युत् संवाहकतेची आहे. लोहविद्युत् पदार्थ उत्तम निरोधक असावा लागतो, अन्यथा त्यावर विद्युत् दाब टिकत नाही. नेहमीची अनेक लोहचुंबके मात्र धातू आहेत.

बिस्मथ फेराइटमध्ये या कामांची वाटणी झालेली दिसते. बिस्मथ आयनाच्या बाह्य कवचातील बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी स्फटिकात विषमता आणते व त्यामुळे ध्रुवीकरण होते. चुंबकत्व लोहाच्या आयनांकडून येते. या पदार्थाचा विद्युत् क्रम सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत आणि चुंबकीय क्रम सुमारे ३७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. दोन्ही मर्यादा कोठीच्या तापमानाच्या पुष्कळ वर असल्यामुळे या एका संयुगाला एवढे महत्त्व प्राप्त झाले.

प्रकार

एकप्रावस्था पदार्थ: यांत एकाच संयुगात दोन्ही क्रम असतात. ज्यांत विद्युत् आणि चुंबकीय क्रमांची कारणे वेगळी असतात, त्यांना पहिल्या प्रकारचे म्हणतात. त्यांचे ध्रुवीकरण मोठे, पण दोन क्रमांतील दुवा सहसा क्षीण असतो. बिस्मथ फेराइट याचे उदाहरण होय. ज्यांत चुंबकीय रचना हेच ध्रुवीकरणाचे कारण असते, ते दुसऱ्या प्रकारचे. त्यांचा दुवा घट्ट, पण ध्रुवीकरण अल्प असते आणि ते बहुधा कमी तापमानालाच आढळते. टर्बियम मँगेनाइट या प्रकारात मोडते.

संमिश्र पदार्थ: यांत एक घटक चुंबकीय आणि दुसरा लोहविद्युत् असतो, व दोघांना जोडणारा दुवा यांत्रिक ताणाचा असतो. चुंबकीय क्षेत्रात फेराइटची लांबी किंचित बदलते. या घटनेस चुंबकीय आकारांतर म्हणतात. हा बदल शेजारच्या लोहविद्युत् घटकाला दाबतो किंवा ताणतो आणि दाबविद्युत् गुणधर्मामुळे त्यात विद्युत् दाब निर्माण होतो. वेगवेगळ्या घेतल्यास दोन्ही घटकांत चुंबक-विद्युत् परिणाम नसतो, तो त्यांच्या संयोगातून जन्मतो. ही कल्पना फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील फान सुख्टेलन यांनी १९७२ मध्ये मांडली.

घटकांच्या मांडणीनुसार संमिश्रांचे तीन मुख्य प्रकार आहेत. एका पदार्थात दुसऱ्याचे कण विखुरलेले असल्यास ‘०–३’, दोहोंचे थर एकावर एक असल्यास ‘२–२’ आणि एकाच्या थरात दुसऱ्याचे स्तंभ उभे असल्यास ‘१–३’ अशी संज्ञा वापरतात. येथे प्रत्येक अंक त्या त्या घटकाची सलगता किती मितींत आहे हे सांगतो.

नॅनो आकाराचा परिणाम

बिस्मथ फेराइटमध्ये शेजारचे अणुचुंबक जवळजवळ विरुद्ध दिशांना असतात, पण ती दिशा स्फटिकातून पुढे जाताना हळूहळू फिरत जाते आणि सुमारे ६२ नॅनोमीटर अंतरावर एक आवर्तन पूर्ण होते. त्यामुळे मोठ्या स्फटिकात उरलेसुरले चुंबकनही एकमेकांना छेदून शून्यवत होते. कणाचा आकारच ६२ नॅनोमीटरपेक्षा लहान असल्यास हे आवर्तन पूर्ण होऊ शकत नाही. कण जसजसा लहान होतो, तसतसे चुंबकन वाढत जाते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले.

दुसरे कारण पृष्ठभागाचे आहे. १० नॅनोमीटर बाजूचा घनाकृती कण घेतला आणि स्फटिकाचा एकक कोष ०.४ नॅनोमीटर मानला, तर प्रत्येक बाजूवर २५ कोष बसतात. एकूण १५,६२५ कोषांपैकी ३,४५८, म्हणजे सुमारे २२ टक्के कोष पृष्ठभागावर येतात. पृष्ठभागावरील अणुचुंबकांना एका बाजूने जोडीदार नसतो, म्हणून तेथील चुंबकन पूर्णपणे छेदले जात नाही.

संमिश्रांत आकार लहान केल्याने दोन घटकांमधील संपर्काचे क्षेत्रफळ वाढते व ताण अधिक चांगल्या रीतीने पोहोचतो. मात्र ‘२–२’ प्रकारचा पातळ थर ज्या जाड आधारपट्टिकेवर वाढवलेला असतो, ती पट्टिका त्याला घट्ट धरून ठेवते व त्याला मोकळेपणाने ताणू देत नाही. उभ्या स्तंभांच्या रचनेत ही पकड सैल पडते.

लहान आकार सर्वच बाबतींत लाभदायक नसतो. लोहविद्युत् कण एका मर्यादेपेक्षा लहान झाल्यास त्याचे ध्रुवीकरण दुबळे होते व अखेर नाहीसे होते. ही मर्यादा पदार्थावर, कणाच्या आकृतीवर आणि त्याच्या पृष्ठभागाच्या स्थितीवर अवलंबून असते. म्हणून चुंबकत्वासाठी लहान आणि ध्रुवीकरणासाठी फार लहान नव्हे, असा मध्यम आकार साधावा लागतो.

निर्मितीच्या पद्धती

घन अवस्थेतील विक्रिया: ऑक्साइडांची चूर्णे योग्य प्रमाणात एकत्र खलून उच्च तापमानाला भाजण्याची ही जुनी, स्वस्त पद्धत आहे. यात कण सहसा मायक्रोमीटर आकाराचे होतात. बिस्मथ ऑक्साइड ८१७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीही बिस्मथ बाष्परूपाने निसटू लागतो, त्यामुळे बिस्मथ फेराइट या पद्धतीने शुद्ध मिळवणे कठीण जाते. चूर्ण कठीण गोळ्यांच्या चक्कीत दीर्घकाळ दळून नॅनो आकारापर्यंत आणता येते, पण त्यात चक्कीच्या द्रव्याची भेसळ होण्याचा धोका असतो.

सोल-जेल पद्धत: विद्यापीठीय प्रयोगशाळांत ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. धातूंची लवणे द्रावणात रेणूंच्या पातळीवर मिसळली गेल्यामुळे पुढे भाजण्यासाठी कमी तापमान पुरते. बिस्मथ फेराइटसाठी बिस्मथ नायट्रेट आणि लोह नायट्रेट समान मोल प्रमाणात घेतात. ०.०१ मोल पदार्थासाठी पाच जलरेणू असलेले बिस्मथ नायट्रेट ४.८५ ग्रॅम आणि नऊ जलरेणू असलेले लोह नायट्रेट ४.०४ ग्रॅम लागते. त्यापासून तत्त्वतः ३.१३ ग्रॅम बिस्मथ फेराइट मिळते. बिस्मथ नायट्रेट नुसत्या पाण्यात टाकल्यास पांढरा साका तयार होतो, म्हणून ते विरल नायट्रिक आम्लात विरघळवतात. त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल आणि पुष्कळदा एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. सुमारे ८० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवल्यास द्रावण दाट होऊन जेल तयार होते. ते वाळवून जाळतात व उरलेली भुकटी ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला काही तास भाजतात. जळताना नायट्रोजनाची विषारी ऑक्साइडे बाहेर पडतात, म्हणून हे काम वायुनिष्कासन कक्षात करणे आवश्यक असते.

सहअवक्षेपण आणि जलऔष्णिक पद्धत: पहिलीत अल्कलीने दोन्ही धातूंची हायड्रॉक्साइडे एकाच वेळी खाली बसवतात. दुसरीत ते मिश्रण बंद पोलादी पात्रात पाण्यासह तापवून दाबाखाली स्फटिक वाढवतात. जलऔष्णिक पद्धतीत सुमारे २०० अंश सेल्सिअस इतके तापमान पुरते व बिस्मथ उडून जात नाही. कोबाल्ट फेराइटच्या गाभ्यावर बेरियम टिटॅनेटचे कवच चढवण्यासाठीही या पद्धती वापरतात.

तंतू आणि नलिका: दाट द्रावण उच्च विद्युत् दाबाखाली सूक्ष्म सुईतून ओढून नॅनोतंतू काढतात. सच्छिद्र ॲल्युमिनाच्या साच्यात द्रावण भरून नॅनोतारा व नलिका मिळवतात.

पातळ थर: स्पंदित लेसरच्या पद्धतीत निर्वात कक्षात पदार्थाच्या चकतीवर लेसरचे झोत सोडून उडालेले द्रव्य तप्त आधारपट्टिकेवर जमवतात. स्ट्राँशियम टिटॅनेटसारख्या जुळत्या जालकाच्या पट्टिकेवर थर वाढवल्यास अणूंची मांडणी पट्टिकेच्या मांडणीला अनुसरते. उपकरणे महाग असली तरी या मार्गाने उत्तम दर्जाचे थर मिळतात. स्वस्त पर्याय म्हणून द्रावणाचा थेंब फिरत्या पट्टिकेवर पसरवणे, अथवा तप्त पट्टिकेवर द्रावण फवारणे या रासायनिक पद्धती वापरल्या जातात.

अभ्यासाची तंत्रे

रचना: नमुना तयार झाल्यावर प्रथम क्ष-किरण विवर्तनाने त्याची प्रावस्था तपासतात. विवर्तन शिखराच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढण्याचे सूत्र पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये दिले. ०.९ आणि तरंगलांबी यांच्या गुणाकाराला, रेडियनमधील शिखररुंदी आणि विवर्तन कोनाच्या निम्म्याचा कोसाइन यांच्या गुणाकाराने भागले असता आकार मिळतो. उदाहरणार्थ, तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, शिखराचा कोन २२.४ अंश आणि उपकरणाची रुंदी वजा करून उरलेली शिखररुंदी ०.४ अंश असल्यास आकार सुमारे २० नॅनोमीटर येतो. हा स्फटिककणाचा आकार होय. अनेक स्फटिककण चिकटून झालेला दाणा त्याहून मोठा असू शकतो, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहणी करतात.

चुंबकीय मोजणी: कंपायमान नमुना चुंबकमापक आणि त्याहून अधिक संवेदनशील असा अतिसंवाहक चुंबकमापक यांनी चुंबकनाचे मंदायन वलय मिळते. क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकन वेगवेगळ्या वाटेने जाते, त्यामुळे आलेखावर हे वलय उमटते. लोहाच्या आयनाची अवस्था आणि लोहयुक्त भेसळ ओळखण्यासाठी मॉसबाउअर वर्णपटविज्ञान उपयोगी पडते. अणुचुंबकांची प्रत्यक्ष मांडणी समजण्यासाठी न्यूट्रॉन विवर्तन करावे लागते, कारण न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय परिबल असते.

विद्युत् मोजणी: नमुन्याची गोळी दाबून, भाजून तिच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप देतात. वेगवेगळ्या वारंवारतांना आणि तापमानांना तिची धारकता व ऊर्जाऱ्हास मोजतात. ध्रुवीकरणाचे वलय सॉयर आणि टॉवर यांनी १९३० मध्ये दिलेल्या मंडलाच्या तत्त्वावर मिळवतात. नॅनो पातळीवर एकेका प्रांताचे ध्रुवीकरण पाहण्यासाठी दाबविद्युत् प्रतिसाद बल-सूक्ष्मदर्शक वापरतात. त्याची टोकदार सुई विद्युत् दाब देते आणि त्यामुळे होणारी पृष्ठभागाची सूक्ष्म हालचालही टिपते.

चुंबक-विद्युत् गुणांक: नमुना स्थिर चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर कुंडलांच्या साहाय्याने लहानसे प्रत्यावर्ती क्षेत्र लावतात आणि त्याच वारंवारतेचा विद्युत् दाब मोजतात. हा गुणांक सामान्यतः प्रति सेंटिमीटर, प्रति ओरस्टेड इतक्या मिलिव्होल्टांत सांगतात. १९७४ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बेरियम टिटॅनेट आणि कोबाल्ट फेराइटच्या संमिश्रात तो १३० इतका आढळला होता.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची काळजी

या विषयात चुकीचे निष्कर्ष निघणे सोपे असते. बिस्मथ फेराइटसोबत बिस्मथ आणि लोह यांची इतर ऑक्साइडे सहज तयार होतात. मॅगहेमाइटसारखे चुंबकीय लोह ऑक्साइड अल्प प्रमाणात, क्ष-किरण विवर्तनात दिसणारही नाही इतके असले, तरी चुंबकमापकात ते ठळकपणे जाणवते. अशा वेळी मोजलेले चुंबकत्व भेसळीचे असूनही ते मल्टिफेरॉइकाचे समजले जाते. २००३ च्या पातळ थरांत नोंदवलेल्या मोठ्या चुंबकनावर २००५ मध्ये ‘सायन्स’मध्येच आक्षेप घेण्यात आला आणि शुद्ध बिस्मथ फेराइटचे चुंबकन त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, हे पुढे सर्वमान्य झाले. मोठ्या ध्रुवीकरणाचा निष्कर्ष मात्र कायम राहिला.

विद्युत् मोजणीतही असाच धोका आहे. नमुन्यातून प्रवाह झिरपत असल्यास लोहविद्युत् नसलेल्या वस्तूचेही वलय उमटते. हे ठसवण्यासाठी जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये चक्क केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून तिचे वलय प्रसिद्ध केले. खऱ्या लोहविद्युत् पदार्थाचे वलय दोन्ही टोकांना संपृक्त होऊन निमुळते होते, तर झिरपणाऱ्या नमुन्याचे वलय फुगीर व गोलसर राहते. म्हणून लागोपाठची स्पंदे देऊन झिरपलेला प्रवाह वजा करणे, वारंवारता बदलून पाहणे आणि प्रांत उलटल्याची सूक्ष्मदर्शकाने खात्री करणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रातील संशोधन

कोल्हापुरात राजारामपुरीच्या पलीकडे विद्यानगर येथे शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात फेराइट आणि पातळ थर या दोन विषयांवरील संशोधनाची परंपरा आहे. फेराइटचा अनुभव हाताशी असल्यामुळे त्यात लोहविद्युत् घटक मिसळून चुंबक-विद्युत् संमिश्रे तयार करणे, हा त्याचा स्वाभाविक पुढचा टप्पा ठरला. अधिविभागातील संमिश्र पदार्थ प्रयोगशाळेत बी. के. चौगुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल व कोबाल्टयुक्त फेराइट आणि बेरियम टिटॅनेटवर आधारित घटक यांच्या संमिश्रांचा अभ्यास केला. घटकांचे प्रमाण बदलल्यास चुंबकीय, विद्युत् आणि चुंबक-विद्युत् गुणधर्म कसे बदलतात, यावरील त्यांचा एक लेख २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संमिश्रांत फेराइटचे प्रमाण वाढवल्यास आकारांतर वाढते, पण फेराइट तुलनेने संवाहक असल्यामुळे निर्माण झालेला विद्युत् भार झिरपून जातो. त्यामुळे योग्य प्रमाण प्रयोगानेच ठरवावे लागते. विद्यापीठात नॅनोविज्ञान व तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभागही आहे.

पूर्वी शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत असलेल्या सोलापूर येथे २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेथील पदार्थविज्ञान विभागातही चुंबक-विद्युत् संमिश्रांवर काम झाले आहे. सतीशचंद्र ओगले यांनी पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नंतर भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था येथे संशोधन केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी असलेले उमेश वाघमारे बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात पदार्थांच्या गुणधर्मांचे संगणकीय भाकीत करतात.

न्यूट्रॉन विवर्तनासाठी मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘ध्रुव’ ही १०० मेगावॅट क्षमतेची, १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली अणुभट्टी महत्त्वाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त वैज्ञानिक संशोधन संघामार्फत विद्यापीठांतील संशोधकांना तेथे आपल्या नमुन्यांची मोजणी करता येते. नमुना साध्या भट्टीत आणि चंचुपात्रात तयार करून त्याची अंतिम परीक्षा राष्ट्रीय सुविधेत घेण्याची ही व्यवस्था राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोलाची ठरली आहे. नाहीतर रासायनिक पद्धतीने पदार्थ करणे त्यांना शक्य झाले असते, पण त्याची चुंबकीय रचना सिद्ध करणे शक्य झाले नसते.

उपयोग आणि मर्यादा

संगणकाच्या चुंबकीय स्मृतीत माहिती लिहिण्यासाठी विद्युत् प्रवाह लागतो व त्यात उष्णतेच्या रूपाने ऊर्जा वाया जाते. निरोधक मल्टिफेरॉइकाच्या साहाय्याने केवळ विद्युत् दाबाने चुंबकन उलटवता आले, तर हा ऱ्हास पुष्कळ कमी होईल. संशोधनामागील ही मुख्य प्रेरणा आहे. चुंबकनाच्या दोन आणि ध्रुवीकरणाच्या दोन दिशा मिळून एका घटकात चार अवस्था साठवण्याची शक्यताही २००७ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आली. याशिवाय अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रांचे संवेदक, परिसरातील कंपने व चुंबकीय क्षेत्रे यांतून अल्प वीज मिळवणारी साधने आणि लहान आकाराचे अँटेना यांसाठी संमिश्रांचा विचार होतो.

बिस्मथ फेराइट दृश्य प्रकाश शोषून घेते. त्यामुळे त्याचे नॅनोकण सूर्यप्रकाशात पाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन घडवू शकतात, आणि चुंबकीय असलेल्या संमिश्रांच्या बाबतीत ते वापरानंतर चुंबकाने परत गोळा करता येतात. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांतील रंगीत सांडपाणी आणि पंचगंगा नदीचे प्रदूषण लक्षात घेता या उपयोगाविषयी स्थानिक पातळीवर कुतूहल असणे स्वाभाविक आहे. मात्र प्रयोगशाळेतील चंचुपात्रातून प्रत्यक्ष सांडपाणी प्रक्रियेपर्यंतचा पल्ला मोठा आहे, कारण कण पाण्यात मागे राहू न देणे आणि त्यांचा उत्पादनखर्च कमी ठेवणे हे दोन्ही प्रश्न सोडवावे लागतील.

प्रवाहाची झिरपण, वारंवार उलटवल्यावर येणारा थकवा, सर्व कण एकसारखे तयार करण्यातील अडचण आणि सिलिकॉन चकतीवरील प्रचलित प्रक्रियांशी जुळवून घेणे, ही या पदार्थांच्या व्यापारी वापरापुढील मुख्य आव्हाने आहेत.

हेही पहा

लोहचुंबकत्व
फेराइट
दाबविद्युत्
नॅनोतंत्रज्ञान
क्ष-किरण विवर्तन
शिवाजी विद्यापीठ